वरच्या कप्प्यातलं कार्ड

२०१८ साल. मी तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होतो, गुडघे सोडले तर ठणठणीत. मंडईतला गाळा मुलाच्या, दत्ताच्या, हवाली केलेला. पण सकाळी जाऊन माल कसा मांडलाय ते बघितल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नव्हता. नात, जुई, दुसरीत होती. तिच्या वार्षिक परीक्षेचा तो मोसम.

मोसमच म्हणतो, कारण आमच्या धंद्यात कॅलेंडरपेक्षा मोसम खरा. मार्च आला की पहिल्या कैऱ्यांचा चीक बोटांना लागतो, मटार जून होतो, पालेभाजी दुपारच्या आत मान टाकते. गोणपाटावर पाणी मारलं की ओल्या तागाचा वास गाळाभर पसरतो. याच दिवसांत ख्रिस्ती लोकांचे चाळीस दिवसांचे उपास असतात. कॅम्पातली आमची जुनी गिऱ्हाइकं मटण बंद करतात आणि भाजीला मोठी पिशवी आणतात. उन्हाचा चटका, कैरीचा वास आणि घरात पोरांचं पुटपुटत पाठ करणं, हे तिन्ही एकत्र आलं की मला ते वर्ष आठवतं.

या वर्षीही आठवलं. जुई आता नववीत आहे. आतल्या खोलीत पंखा लावून येरझाऱ्या घालत पाठ करते. मी दाराशी गेलो की आवाज थांबतो. "काही हवंय का, आबा?" गोड विचारते, त्यात खोट नाही. पण तिचा निकाल मी कधी बघितलेला नाही. निकाल लागला की ती आईला दाखवते, बापाला दाखवते आणि मला येऊन सांगते, "झाला निकाल, आबा." हातावर पेढा ठेवते. किती मार्क पडले हे ती सांगत नाही, मी विचारत नाही. विचारायचा हक्क मी तिच्या दुसरीतच घालवून बसलो. घरात सगळ्यांना ठाऊक आहे हे, यात लपवलेलं काही नाही. पण माहीत असलेली गोष्ट दुखत नाही, असं कोण म्हणतो? माझे गुडघेही सगळ्यांना माहीत आहेत.

जुईची शाळा कॅम्पात, चर्चच्या आवारात. तिला तिथे घालायचं मीच ठरवलं. आमच्या गल्लीत कुजबुज झाली. एक शेजारी म्हणाले, "भाजीवाल्याची नात चर्चच्या शाळेत? तिथे पोरांना गाणी म्हणायला लावतात म्हणे."

"तुमच्या शाळेत काय रडायला लावतात?" मी म्हटलं. विषय संपला.

पहिल्यांदा ती शाळा बघितली ते अजून आठवतं. आवारात चिंचेचं झाड, खाली चिंचोक्यांचा सडा. आत शिरल्यावर फिनेल आणि मेणबत्तीच्या मेणाचा मिसळलेला वास. पाण्याचे नळ वेगवेगळ्या उंचीवर, म्हणजे पहिलीच्या पोराला टाचा उंच करायला नकोत. संडासाच्या कड्यासुद्धा पोरांच्या हाताला येतील अशा खाली बसवलेल्या. एकच मोठा हॉल, सकाळी प्रार्थनेला, मग कवायतीला, दुपारी डब्यांना. वर्गात बाकांच्या रांगा नाहीत. बुटक्या खुर्च्या, एका कोपऱ्यात पुस्तकं, एका कोपऱ्यात चटई. मागची रांग नाही, म्हणून मागे बसणारं पोरही नाही. मी मनात म्हटलं, ही शाळा आहे की भातुकली?

माझी शाळा तिसरीत संपली. नगरपालिकेची होती. निकालाच्या दिवशी मास्तर नावं शेवटाकडून वाचायचे. तिसरीला पहिलं नाव माझं आलं. पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून मी वडलांबरोबर गाळ्यावर बसलो. पुढची अक्षरं पुड्यांच्या कागदांवर जुळवत शिकलो. मला कुणी विचारलं की मी छाती काढून सांगायचो, "शाळेनं मला नाही काढलं. मी शाळा सोडली." साठ वर्षं सांगत होतो. एवढ्या वर्षांत स्वतःलाही पटलं होतं.

जुईच्या वर्गाच्या बाई रूथ टीचर. पालकांच्या पहिल्याच सभेत मी उभा राहिलो. "टीचर, आमच्या जुईचा नंबर कितवा?"

"आमच्याकडे नंबर नसतो, आजोबा."

"मग परीक्षा कशाला घेता?"

"कळायला."

"कुणाला?"

"आम्हालाच. शिकवलेलं मुलापर्यंत पोचलं का, ते."

"टीचर, मंडईत मी न तोलता माल दिला, तर गिऱ्हाईक चपलेनं मारेल मला."

पालक हसले. टीचरही हसल्या. मग म्हणाल्या, "तोलतो ना आम्ही. पण मुलाला मुलाशी नाही तोलत. कालच्या जुईशी आजची जुई." मला वाटलं, बोलायला बरं आहे हे.

त्यांच्या तोलण्याची तऱ्हा अशी. वर्गाच्या भिंतीवर कापडाचा फलक, त्याला कप्पे शिवलेले. प्रत्येक पोराचं एक कार्ड, त्यावर नाव आणि त्यानंच काढलेलं चित्र. नवीन काही शिकवलं की पोरानं स्वतःचं कार्ड स्वतः ठेवायचं. वरचा कप्पा ‘येतं’, मधला ‘येतंय’, खालचा ‘अजून नाही’. जे खाली, त्यांना घेऊन टीचर डब्यानंतर चटईवर बसायच्या. काड्या, मणी, गठ्ठे, काय लागेल ते घेऊन पुन्हा शिकवायच्या. जे वर, ते पुस्तकांच्या कोपऱ्यात नाहीतर बाहेर वाफ्याला पाणी घालायला. दुसऱ्याच्या कार्डाला हात लावायचा नाही, हा वर्गाचा नियम. टीचरसुद्धा लावायच्या नाहीत. सात-आठ वर्षांच्या पोरांवर एवढा भरवसा मी कुठे बघितला नव्हता. आमच्याकडे तर गिऱ्हाइकानं टोमॅटो चाचपला तरी हातावर फटका.

त्या मार्चमध्ये टीचरनी निरोप पाठवला. भाजीचं आपण काय खातो, मूळ, पान की खोड, हे मुलांना शिकवायचंय, आजोबा भाजी घेऊन येतील का? मी फुललो. पहाटे मार्केट यार्डातून माल निवडून आणला. पाल्यासकट मुळा, बीट, गाजर, मेथी, कांद्याची पात. मातीसुद्धा ताजी. धुतलेली पांढरी टोपी घालून शाळेत पोचलो तर पोरं हॉलमध्ये प्रार्थनेला होती. त्यांचा आवाज भिंतीतून येत होता, एक सूर पुढे, चार मागे. वर्ग झाडणाऱ्या मावशींनी टेबल दाखवलं. मी भाजी मांडत असताना त्यांनीच फलकाकडे बोट करून सांगितलं, "हे बघा, तुमच्या जुईचं फूल." आणि बादली घेऊन त्या पाण्याला गेल्या.

फुलाला डोळे काढले होते. डोळ्यांना पापण्या. कार्ड खालच्या कप्प्यात होतं. फलकावर लिहिलं होतं, ‘हातच्याची वजाबाकी’.

भाजीवाल्याची नात आणि वजाबाकी ‘अजून नाही’. आता ती पोरं, त्या टीचर, सगळे येणार. मी मुळा-गाजर दाखवत उभा राहणार आणि माझ्या मागे भिंतीवर ते फूल खाली. माझा हात गेला. विचार करून गेला असं म्हणणार नाही. आयुष्यभर मी पाटीत खाली नरम माल आणि वर कडक, लालबुंद टोमॅटो लावत आलो. गिऱ्हाइकाची नजर पडते तिथे चांगला माल दिसला पाहिजे. मी कार्ड उचललं, वरच्या कप्प्यात खोवलं, सरळही केलं.

मग पोरं आली. जुई सगळ्यांना सांगत सुटली, "हे माझे आबा. खरे मंडईतले." मी बिटाचे काप करून वाटले, सगळ्यांच्या जिभा लाल झाल्या. टीचरनी टाळ्या वाजवायला लावल्या. गुडघे दुखत नव्हते त्या दिवशी.

जुईनं कार्ड वर बघितलं तेव्हा तिला काय वाटलं, हे मला पुढे कळलं. तिला वाटलं, नियम असला तरी टीचरनीच वर ठेवलं असणार. टीचरना वाटतंय म्हणजे आपल्याला येत असेल, असं तिनं धरलं. आणि टीचरना वाटलं, पोरीनं स्वतः वर ठेवलंय म्हणजे तिला आता भरवसा आला. दोघींनी एकमेकींवर विश्वास ठेवला. डब्यानंतर चटईवर बसायला मिळायचं ते बंद झालं. जुई वाफ्याला पाणी घालायला जाऊ लागली.

थोड्याच दिवसांत तिच्या पोटात दुखू लागलं. सकाळी शाळेची वेळ झाली की दुखायचं. मी तिला ओव्याचं पाणी करून द्यायचो. स्वतःच्या हातानं, कोमट करून, फुंकर घालून.

परीक्षेच्या शेवटी त्या शाळेत ‘दाखवण्याचा दिवस’ असतो. लहान वर्गांना लेखी पेपर नाही. प्रत्येक पोरानं आपल्या वरच्या कप्प्यातली एक गोष्ट घरच्या माणसांसमोर करून दाखवायची. दत्ताला गाळा सोडवला नाही. सून मनीषा लॅबमधून अर्धा दिवस सुटी काढून आली होती. आम्ही दोघं हॉलमध्ये मांडलेल्या त्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलो. कुणी कविता म्हटली, कुणी घड्याळ वाचलं. जुईच्या वाट्याला वजाबाकी आली.

बेचाळीसमधून सतरा. टेबलावर काड्या. दहा-दहाचे चार गठ्ठे रबरानं बांधलेले आणि दोन सुट्या. जुईनं नीट सुरुवात केली. "दोनातून सात जात नाहीत," ती म्हणाली. "मग शेजारी मागायचं." तिनं गठ्ठा उचलला. आणि थांबली.

"सोड ना गठ्ठा," टीचर हळूच म्हणाल्या.

जुई गठ्ठा हातात धरून उभी.

"का गं? रबर काढ. सुट्या कर."

"जुडी सोडायची नसते," जुई म्हणाली.

हॉल हसला. हसण्यासारखंच होतं. मनीषानं मात्र मान वळवून माझ्याकडे बघितलं. संध्याकाळी जुई गाळ्यावर येऊन बसायची. एखादा एकटा राहणारा पोरगा म्हणायचा, "काका, अर्धी जुडी द्या ना, एकट्याला संपत नाही." आणि मी ठरलेलं ऐकवायचो, "जुडी सोडायची नसते. सुटी झाली की माल मेला." किती वेळा ऐकलं असेल तिनं ते! बापानं सांगितलेलं मोडेल, आजोबानं सांगितलेलं मोडणारी पोर नव्हती ती. टीचर म्हणतात सोड, आबा म्हणतात सोडायची नसते. त्या गाठीत ती अडकून बसली होती. म्हणून तर तिनं प्रामाणिकपणे कार्ड खाली ठेवलं होतं, की चटईवर कुणीतरी ती गाठ सोडवेल.

आता दत्ता सर्रास अर्धी जुडी देतो. फोनवर मागणी येते, तो रबर काढतो, अर्धी कागदात गुंडाळतो. मेथीच्या सुट्या काड्या पाटीत पडलेल्या दिसल्या की नजर दुसरीकडे फिरवतो.

तर हॉलमध्ये. टीचर जुईजवळ वाकल्या. "पण बाळा, तू कार्ड वर ठेवलंस ना, येतं म्हणून?"

"मी नाही ठेवलं."

"मग काय देवदूतानं ठेवलं?" वर्गातला एक पोरगा मोठ्यानं म्हणाला. हॉल पुन्हा हसला, आईबापसुद्धा. मागून आणखी कुणी म्हणालं, "खोटं बोलतेय ती." टीचरनी सगळ्यांना गप्प केलं, पण जे व्हायचं ते झालं होतं. जुईनं हॉलभर बघितलं. एकेका तोंडावरून तिची नजर फिरत आली आणि माझ्यावर थांबली. काही माहीत होतं म्हणून नाही. मी तिचा होतो म्हणून थांबली.

मी टोपी काढून नीट केली आणि परत घातली. एवढंच केलं.

कार्ड हलवलं ही चूक झाली, ती पोटात घालता येते. सवयीचा हात, म्हणता येतं. पण त्या टोपीचं काय म्हणू? सदुसष्ट वर्षांचा माणूस, मंडईत ज्याच्यासमोर हमाल आवाज चढवत नाहीत, तो त्या बुटक्या खुर्चीवर बसून सात वर्षांच्या पोरीला खोटी ठरू देतो. आजही टोपी घालताना हात टाळूवर थांबतो.

घरी आल्यावर मनीषानं तिला समोर उभं केलं. "येत नाही तर नाही, त्याचं काही नाही. पण कार्ड ठेवलंस तर ठेवलं म्हण. खोटं कशाला?"

"मी नाही ठेवलं, आई."

"जुई."

"नाही ठेवलं."

"उद्या सकाळी वर्गात टीचरना सॉरी म्हणायचं. सगळ्यांसमोर. समजलं?"

मी कॉटवर बसून होतो. मला वाटलं पोर रडेल, पाय आपटेल, भांडेल. भांडली असती तर बहुतेक मी तसाच बसून राहिलो असतो, हेही सांगतो. पण जुई फरशीकडे बघत म्हणाली, "बरं. म्हणते." न जेवता आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

ते "बरं" मला सोसलं नाही. खरं बोलून भागत नाही हे पोरीनं माझ्यादेखत शिकून घेतलं, आणि शाळेनं नाही, मी शिकवलं.

मनीषा ताटं घेत होती. मी म्हणालो, "ते कार्ड मी वर ठेवलं. भाजी घेऊन गेलो तेव्हा."

तिच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "काय म्हणालात?"

"खाली होतं. मी वर ठेवलं."

"आबा, ती काय टोमॅटो आहे?"

सुनेनं मला इतक्या वर्षांत कधी असं विचारलं नव्हतं. आवाज चढवला असता तर मीही चढवला असता, पण तिनं हळू विचारलं.

"सकाळी सांगतो जुईला," मी म्हणालो.

"जुईला सांगून काय होणार? तिला माहीतच आहे की तिनं नाही ठेवलं. हसलं कोण? वर्ग हसला ना? मग वर्गात सांगा."

"पोरांसमोर?"

"ती नव्हती का उभी पोरांसमोर?" असं म्हणून तिनं माझं ताट माझ्यापुढे ठेवलं. जेवलो मी. ते पण लिहून ठेवतो, जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षावाल्याला नको म्हटलं आणि मीच जुईला घेऊन बसनं गेलो. तिनं माझं बोट धरलं होतं. वाटेत सांगायचं ठरवलं होतं. स्वारगेटला बस बराच वेळ थांबली, तेव्हाही सांगता आलं असतं. जुई खिडकीतून बाहेर बघत ओठ हलवत होती. सॉरीचं वाक्य पाठ करत होती.

प्रार्थना सुटल्यावर मी दाराशी टीचरना गाठलं आणि सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझंही चुकलं, आजोबा. तिला एकदा करून दाखव म्हणायला हवं होतं मी. तुम्ही मला सांगितलंत, पुरे आहे. मुलांना मी समजावते. तुम्ही नका अवघडून घेऊ."

सुटका समोर उभी होती, साडी नेसून. जिन्याकडे वळलो असतो तर कुणी नाव ठेवलं नसतं.

"नाही," मी म्हटलं. "मी सांगतो."

मी वर्गात गेलो. पोरं जमिनीवर गोल करून बसली होती. जुईही. टीचर म्हणाल्या, "जुईच्या आजोबांना काही सांगायचंय." मला वाटलं होतं दोन वाक्यं आहेत, होऊन जातील. मी टोपी काढून हातात घेतली.

"ते कार्ड मी हलवलं," मी म्हणालो. "जुईनं खालीच ठेवलं होतं. ती खरं बोलत होती. तुम्ही तिला हसलात, तिथे मला हसायला पाहिजे होतं."

कुणी हसलं नाही. मग पुढे बसलेल्या एका मुलीनं, वर्गात विचारतात तसा हात वर करून, विचारलं, "का हलवलंत?"

"लाज वाटली म्हणून."

"जुईची?"

नाही म्हणणं सोपं होतं. माझी मलाच वाटली, असंही म्हणता आलं असतं, तेही अर्धं खरंच होतं. जुई मान वर करून माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो.